फिजिशियन असिस्टंट शिक्षणाचे पदव्युत्तरीकरण : एक चिकित्सक अभ्यास

गोषवारा

अमेरिकेत १९६५ साली फिजिशियन असिस्टंट, म्हणजे डॉक्टरांच्या देखरेखीखाली रुग्णसेवा करणारा प्रशिक्षित सहायक, हा नवा व्यवसाय उदयास आला. सैन्यातून परतलेल्या वैद्यकीय सेवकांच्या अनुभवाला औपचारिक मान्यता देणे हा त्याचा पाया होता. पुढील पाच दशकांत या शिक्षणाचा प्रवास प्रमाणपत्राकडून पदव्युत्तर पदवीकडे झाला आणि २०२० नंतर पदव्युत्तर पदवी अनिवार्य ठरली. या बदलाच्या समर्थनार्थ मांडण्यात येणाऱ्या युक्तिवादांचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे. पदवीचा स्तर उंचावल्याने व्यवसायाची प्रतिष्ठा वाढली; परंतु प्रवेशाचे दार अरुंद झाले आणि रुग्णसेवेची गुणवत्ता पदवीवर अवलंबून असल्याचे सिद्ध झाले नाही, असे प्रतिपादन येथे केले आहे. ब्रिटनमधील अलीकडच्या वादाच्या व भारतातील २०२१ च्या कायद्याच्या संदर्भात या अनुभवाचा अर्थही तपासला आहे.

बीजसंज्ञा : फिजिशियन असिस्टंट, पदव्युत्तर शिक्षण, पदवीवाढ, देखरेख, सहयोगी आरोग्य व्यवसाय, ग्रामीण आरोग्यसेवा.

१. प्रस्तावना

शिक्षणसंस्था आणि व्यवसाय यांचे नाते दुहेरी असते. व्यवसायाला लागणारे ज्ञान व कौशल्य शिक्षणसंस्था पुरवतात, तसेच त्या व्यवसायात कोणी यावे आणि कोणी येऊ नये हेही पदवीच्या माध्यमातून ठरवतात. यांपैकी पहिल्या कार्याची चर्चा अभ्यासमंडळांमध्ये विपुल होते. दुसरे कार्य मात्र बहुधा अबोल राहते. एखाद्या अभ्यासक्रमाची पदविका पदवीत आणि पदवी पदव्युत्तर पदवीत रूपांतरित होते तेव्हा 'दर्जा उंचावला' एवढेच म्हटले जाते. त्या उंचीची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

हा प्रश्न विचारण्यासाठी फिजिशियन असिस्टंट या व्यवसायाइतके स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल. हा व्यवसाय जुना नाही, त्याच्या जन्माची तारीख व जन्मदाते ज्ञात आहेत आणि त्याच्या शिक्षणाचा स्तर कोणत्या टप्प्यांनी वाढला याची नोंद उपलब्ध आहे. शिवाय भारतातही या व्यवसायाला आता वैधानिक चौकट लाभत असल्यामुळे त्या अनुभवाची चिकित्सा येथील उच्च शिक्षणाच्या दृष्टीने प्रस्तुत ठरते.

२. उगम : अनुभवाला मिळालेली मान्यता

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत वैद्यकीय विशेषज्ञांची संख्या वाढत गेली. परंतु लहान गावांतील सामान्य वैद्यकीय व्यावसायिकांची संख्या त्या मानाने घटत होती. डॉक्टरांच्या कामातील काही भाग डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षित व्यक्तींकडे सोपवावा, अशी सूचना डॉ. चार्ल्स हडसन यांनी १९६१ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातून केली. तिला मूर्त रूप देण्याचे श्रेय नॉर्थ कॅरोलिना राज्यातील ड्यूक विद्यापीठाच्या वैद्यकशास्त्र विभागाचे प्रमुख डॉ. यूजिन स्टेड यांना दिले जाते.

स्टेड यांच्या विचाराला दोन पूर्वानुभवांची पार्श्वभूमी होती. पहिला अनुभव अपयशाचा होता. १९५० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी परिचर्या क्षेत्रातील थेल्मा इंगल्स यांच्या सहकार्याने परिचारिकांसाठी प्रगत वैद्यकीय प्रशिक्षणाचा एक कार्यक्रम आखला होता. मात्र परिचर्या शिक्षणाला मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय संघटनेने त्याला मान्यता नाकारली. दुसरा अनुभव त्याच राज्यातील गार्लंड या छोट्या गावचा. तेथील सामान्य डॉक्टर एमॉस जॉन्सन यांनी बडी ट्रेडवेल नावाच्या आपल्या मदतनिसाला स्वतः शिकवून तयार केले होते, आणि डॉक्टर गावाबाहेर असतानाही दवाखान्याचे बरेचसे काम ट्रेडवेल सांभाळत असत. ट्रेडवेल यांच्यापाशी वैद्यकाची कोणतीही पदवी नव्हती. डॉक्टरांचा विश्वास, वर्षानुवर्षांचा सराव आणि आपल्या मर्यादांचे भान एवढेच त्यांचे भांडवल होते.

१९६५ मध्ये ड्यूक विद्यापीठात चार विद्यार्थ्यांसह दोन वर्षांचा पहिला अभ्यासक्रम सुरू झाला. हे चौघेही नौदलात वैद्यकीय सेवक म्हणून काम केलेले होते. जखमेवर उपचार करणे, रक्तस्राव थांबवणे, रुग्णाची स्थिती पाहून निर्णय घेणे ही कामे त्यांनी लष्करी सेवेत केली होती. मात्र नागरी जीवनात परतल्यावर या कौशल्याला कोणतेही नाव नव्हते आणि पदवीअभावी कोणतेही स्थान नव्हते. त्यांच्यापैकी तिघांनी ६ ऑक्टोबर १९६७ रोजी अभ्यासक्रम पूर्ण केला. त्यांच्या हाती पडले ते प्रमाणपत्र होते, पदवी नव्हे.

वॉशिंग्टन विद्यापीठात डॉ. रिचर्ड स्मिथ यांनी १९६९ मध्ये सुरू केलेला 'मेडेक्स' कार्यक्रम याच दिशेने आणखी पुढे गेला. त्यात विद्यापीठातील अध्यापनाचा काळ अल्प होता. प्रशिक्षणाचा मोठा भाग विद्यार्थी एखाद्या सामान्य डॉक्टरच्या हाताखाली, बहुधा डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात, पूर्ण करीत असे. ज्या डॉक्टरकडे विद्यार्थी शिकला त्याच्याकडेच त्याने पुढे काम करावे, अशी अपेक्षा होती. शिक्षण, नेमणूक आणि देखरेख या तिन्ही गोष्टी एकाच सूत्रात गुंफण्याची ही योजना होती.

या आरंभकाळातील शिक्षणविचाराचे सार असे सांगता येईल : व्यक्ती आधी काय शिकून आली आहे याचा आदर करावा, तिला नेमके कमी काय आहे ते शोधून तेवढे शिकवावे, आणि तिच्या कामाची हमी कागदाऐवजी देखरेख करणाऱ्या डॉक्टरने घ्यावी.

३. प्रमाणपत्राकडून पदव्युत्तर पदवीकडे

पदवीचा शिरकाव आरंभापासूनच झाला होता, हेही नमूद केले पाहिजे. वेस्ट व्हर्जिनियातील फिलिपी येथील आल्डरसन-ब्रॉडस या छोट्या महाविद्यालयात डॉ. ह्यू मायर्स यांनी १९६८ मध्ये या विषयाचा पहिला पदवी अभ्यासक्रम सुरू केला. आर्थिक संकटामुळे ही संस्था २०२३ मध्ये बंद पडली, तरी या इतिहासात तिचे स्थान अढळ आहे. कोलोरॅडो विद्यापीठात डॉ. हेन्री सिल्व्हर यांनी बालआरोग्य सहायकांसाठी चालवलेल्या अभ्यासक्रमाने १९७० च्या दशकातच पदव्युत्तर पदवी देण्यास प्रारंभ केला. म्हणजे प्रमाणपत्र, दोन वर्षांची सहयोगी पदवी, पदवी आणि पदव्युत्तर पदवी अशा चारही पातळ्यांवरील अभ्यासक्रम पुढे अनेक वर्षे शेजारी शेजारी नांदत होते.

ही विविधता अराजकात बदलली नाही, याचे कारण व्यवसायाने एकरूपतेचा आग्रह पदवीऐवजी अन्यत्र धरला. १९७१ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने अभ्यासक्रमांच्या मान्यतेचे निकष निश्चित केले. १९७३ मध्ये पहिली राष्ट्रीय परीक्षा घेण्यात आली आणि लवकरच प्रमाणनासाठी स्वतंत्र राष्ट्रीय आयोग स्थापन झाला. सहयोगी पदवी घेतलेला उमेदवार आणि पदव्युत्तर पदवी घेतलेला उमेदवार एकाच प्रश्नपत्रिकेला बसत. एवढेच नव्हे, तर डॉक्टरांच्या हाताखाली अनौपचारिकरीत्या शिकलेल्या सहायकांनाही १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत या परीक्षेचे दार खुले होते.

पुढे चित्र पालटत गेले. १९९० नंतर नवे अभ्यासक्रम प्रामुख्याने पदव्युत्तर स्तरावर सुरू झाले आणि जुन्यांनी आपली पातळी बदलण्यास प्रारंभ केला. १ जानेवारी २००१ पासून मान्यता देणारी संस्था स्वायत्त झाली. पदव्युत्तर पदवी न देणाऱ्या अभ्यासक्रमांनी २०२० अखेरपर्यंत तसे रूपांतर करावे, अन्यथा मान्यता गमवावी, असा दंडक या संस्थेने घातला. आज अमेरिकेत तीनशेहून अधिक मान्यताप्राप्त अभ्यासक्रम आहेत. त्यांचा कालावधी सरासरी सत्तावीस महिन्यांच्या आसपास असून त्यात सुमारे दोन हजार तासांचे रुग्णालयीन प्रशिक्षण असते. प्रवेशासाठी आधीची पदवी आवश्यक असते. पदव्युत्तर पदवीच्याही पुढे जाऊन 'डॉक्टर ऑफ मेडिकल सायन्स' ही पदवी देणारे अभ्यासक्रम गेल्या दशकापासून काही विद्यापीठांत चालू आहेत.

व्यवसायाच्या नावातही बदल घडला. २०२१ मध्ये व्यवसायाच्या राष्ट्रीय संघटनेने 'असिस्टंट' हा शब्द सोडून 'असोसिएट' हा शब्द स्वीकारण्याचा ठराव केला. साहाय्यकाचे सहयोगी होणे आणि प्रमाणपत्राची पदव्युत्तर पदवी होणे या एकाच प्रक्रियेच्या दोन बाजू आहेत.

४. पदव्युत्तर पदवीच्या बाजूचे युक्तिवाद

या बदलाच्या समर्थकांचे म्हणणे प्रामाणिकपणे मांडल्याशिवाय त्याची चिकित्सा न्याय्य ठरणार नाही. त्यांचे प्रमुख युक्तिवाद चार आहेत.

पहिला युक्तिवाद श्रेयांकांचा आहे. शरीररचना, शरीरक्रिया, विकृतिशास्त्र, औषधशास्त्र आणि नैदानिक वैद्यक यांचा सलग दोन वर्षांहून अधिक काळ चालणारा पूर्णवेळ अभ्यास पदवीच्या श्रेयांकांत मावत नाही. विद्यार्थी आधीपासूनच पदव्युत्तर पातळीचे श्रम करीत होता. त्या श्रमांना योग्य पदवी देणे हा केवळ न्याय होय. दुसरा युक्तिवाद समकक्षतेचा आहे. प्रगत परिचर्या क्षेत्रातील नर्स प्रॅक्टिशनर हा समांतर व्यवसाय पदव्युत्तर व पुढे डॉक्टरेट स्तराकडे गेला असता सहायकांनी खालच्या पायरीवर थांबल्यास नोकरी, वेतन व कायदेशीर अधिकार या तिन्ही बाबतींत त्यांचे नुकसान होईल. तिसरा युक्तिवाद ज्ञानविस्ताराचा आहे. वैद्यकीय ज्ञान वाढले, औषधांची संख्या वाढली, पुराव्याचे मूल्यमापन करण्याची क्षमता अपरिहार्य झाली, आणि तिच्यासाठी संशोधनपद्धतीचे शिक्षण हवे. चौथा युक्तिवाद अध्यापकांशी संबंधित आहे. विद्यापीठात अध्यापक म्हणून स्थान मिळवायचे तर पदव्युत्तर पदवी हवी. अन्यथा या व्यवसायाचे शिक्षण कायमच अन्य व्यवसायांतील व्यक्तींच्या हाती राहील.

यांपैकी पहिला व चौथा युक्तिवाद सबळ आहेत. विद्यार्थ्याने केलेल्या श्रमांची योग्य नोंद व्हावी, यात शंका नाही. व्यवसायाने स्वतःचे अध्यापक घडवावेत, हेही रास्त आहे. परंतु एखादी पदवी उपलब्ध असणे आणि तीच पदवी प्रवेशाचा एकमेव मार्ग ठरणे यांत मूलभूत अंतर आहे. समर्थकांचे युक्तिवाद पहिल्या गोष्टीसाठी पुरेसे आहेत, दुसऱ्या गोष्टीसाठी नाहीत.

५. युक्तिवादांची चिकित्सा

५.१ पदवी आणि पात्रता

पदव्युत्तर पदवीमुळे अधिक सक्षम सहायक तयार होतो, हे गृहीतक तपासण्याची एक नैसर्गिक संधी इतिहासाने दिली होती. जवळजवळ चार दशके वेगवेगळ्या पदव्यांचे उमेदवार मान्यतेच्या एकाच निकषांखाली शिकले, एकाच परीक्षेला बसले आणि समान परवाना घेऊन समान काम करीत राहिले. सहायकांनी दिलेली सेवा त्यांच्या कार्यकक्षेत समाधानकारक असते, असा निष्कर्ष ज्या अभ्यासांच्या आधारे व्यवसाय स्वतः मांडत आला, त्यांतील पुष्कळसे अभ्यास पदव्युत्तर पदवी नसलेल्या सहायकांच्याच कामावर आधारलेले होते. ज्या पिढीने व्यवसायाची प्रतिष्ठा कमावली तिची पात्रता पुढील पिढीसाठी अपुरी का ठरावी, याचे उत्तर रुग्णसेवेच्या क्षेत्रात सापडत नाही. ते विद्यापीठे आणि श्रमबाजार यांच्या व्यवहारात शोधावे लागते.

ज्ञानविस्ताराचा युक्तिवादही या कसोटीवर अपुरा पडतो. ज्ञान वाढले म्हणून अभ्यासक्रम बदलावा लागतो, हे खरे. पण व्यवसायाने त्यासाठी आधीच एक साधन निर्माण केले होते. प्रमाणन टिकवण्यासाठी सहायकाला दर दोन वर्षांनी शंभर तासांचे निरंतर शिक्षण घ्यावे लागते आणि ठरावीक काळाने ज्ञानाची पुनर्तपासणी करून घ्यावी लागते. वाढत्या ज्ञानाशी जुळवून घेण्यासाठी हा मार्ग प्रवेशाच्या पदवीपेक्षा अधिक उपयुक्त आहे. कारण पदवी एकदाच मिळते, ज्ञान मात्र सतत बदलते.

५.२ प्रवेशाचे दार

पदवीवाढीचा सर्वांत ठळक परिणाम विद्यार्थ्यांच्या रचनेत दिसतो. सामुदायिक महाविद्यालये ही अमेरिकेत अल्प शुल्काची, स्थानिक, नोकरी करीत शिकणाऱ्यांना सामावून घेणारी महाविद्यालये होत. पदव्युत्तर पदवी देण्याचा अधिकार त्यांना नसतो. त्यामुळे पदव्युत्तर पदवी अनिवार्य होताच त्यांच्यासमोर दोनच पर्याय उरले : एखाद्या विद्यापीठाच्या छत्राखाली जाणे किंवा अभ्यासक्रम बंद करणे. कॅलिफोर्नियातील फूटहिल कॉलेज हे सामुदायिक महाविद्यालय आणि स्टॅनफर्ड विद्यापीठ यांच्या दीर्घकालीन संयुक्त कार्यक्रमाची जागा २०१७ पासून स्टॅनफर्डच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाने घेतली. तो अभ्यासक्रम उत्तम असेल यात शंका नाही. तरीही एखाद्या स्थलांतरित मजूर कुटुंबातील तरुणाला सामुदायिक महाविद्यालयाच्या दाराशी पोहोचणे आणि स्टॅनफर्डच्या दाराशी पोहोचणे या दोन गोष्टी सारख्या नाहीत.

खर्चाचा प्रश्न याच्याशी निगडित आहे. चार वर्षांची पदवी आणि त्यानंतरचा पूर्णवेळ पदव्युत्तर अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्या अनेक नव्या सहायकांच्या डोक्यावर एक लाख डॉलरहून अधिक शैक्षणिक कर्ज असते. २०२५ मध्ये संमत झालेल्या संघीय कायद्याने 'ग्रॅड प्लस' ही कर्जयोजना १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी बंद करण्याचे ठरवले आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या संघीय कर्जावर एकूण एक लाख डॉलरची मर्यादा घातली; ठरावीक व्यावसायिक पदव्यांसाठी ती दोन लाखांची आहे. त्यामुळे पदवी उंच होते आणि तिच्यापर्यंत नेणारी शिडी आखूड होते, असा विरोधाभास निर्माण झाला आहे.

या व्यवसायातील कृष्णवर्णीयांचे प्रमाण तीन ते चार टक्क्यांच्या आसपास आहे. देशाच्या लोकसंख्येत त्यांचा वाटा सुमारे तेरा टक्के आहे. या तफावतीचे सारे कारण पदव्युत्तर पदवीत शोधणे अतिशयोक्तीचे होईल. शालेय शिक्षणातील विषमता आणि संपत्तीची विषमता ही त्याची खोलवरची कारणे आहेत. परंतु अशा विषम समाजात प्रवेशाची अट वाढवली की तिचा भार सर्वांवर सारखा पडत नाही, हे समाजशास्त्राच्या कोणत्याही अभ्यासकाला मान्य व्हावे.

५.३ अनुभवाचे बदललेले स्थान

अनुभवाला आता काहीच स्थान नाही, असे म्हणणे योग्य होणार नाही. अनेक अभ्यासक्रम प्रवेशाच्या वेळी रुग्णसेवेच्या ठरावीक तासांची मागणी आजही करतात. मात्र त्या अनुभवाचे स्वरूप पालटले आहे. आरंभीचा विद्यार्थी अनुभव घेऊन आला होता आणि त्याच्यासाठी अभ्यासक्रम रचला गेला. आजचा विद्यार्थी प्रवेश मिळावा म्हणून अनुभवाचे तास जमवतो; पदवी आणि प्रवेश यांच्या मधल्या वर्षात रुग्णवाहिकेवर किंवा डॉक्टरांच्या नोंदी लिहिण्याच्या कामावर तो काही काळ घालवतो. पहिल्या स्थितीत अनुभव ही शिक्षणाची सामग्री होती, तर दुसऱ्या स्थितीत तो प्रवेश अर्जातील एक रकाना होतो. दुसऱ्या प्रकारातून उत्तम सहायक घडत नाहीत असे नाही. पण वीस वर्षे रुग्णवाहिकेवर काम केलेल्या आणि पदवी नसलेल्या व्यक्तीसाठी मूळ व्यवसायाने जो मार्ग बांधला होता, तो आता तिच्यासाठी उरलेला नाही.

५.४ सेवेचे क्षेत्र

हा व्यवसाय प्राथमिक आरोग्यसेवेतील उणीव भरून काढण्यासाठी निर्माण झाला. १९७० च्या दशकात बहुसंख्य सहायक प्राथमिक सेवेत होते. आज ते प्रमाण सुमारे एक चतुर्थांशावर आले आहे. उरलेले शल्यचिकित्सा, आपत्कालीन वैद्यक, अस्थिरोग, त्वचारोग अशा क्षेत्रांत आहेत. याची कारणे अनेक आहेत. विशेषज्ञ शाखांतील वेतन अधिक असते. शिवाय २००३ मध्ये निवासी डॉक्टरांच्या कामाचे तास आठवड्याला ऐंशीवर मर्यादित झाल्यावर रुग्णालयांना पर्यायी मनुष्यबळाची गरज भासली. पदव्युत्तर पदवी ही या बदलाची जननी नव्हे. परंतु तिच्यासाठी घेतलेले कर्ज विद्यार्थ्याला अधिक वेतनाच्या शाखेकडे ढकलते आणि 'मेडेक्स'सारख्या स्थानिक नेमणुकीच्या योजनेचा आधार दुबळा करते, एवढे म्हणता येते.

६. ब्रिटनचा अनुभव

पदव्युत्तर पदवीमुळे सहायकाच्या कामाला आपोआप स्पष्टता व स्वीकृती लाभते का, या प्रश्नाचे उत्तर ब्रिटनच्या अनुभवातून मिळते. तेथे हा व्यवसाय आरंभापासूनच मुख्यत्वे विज्ञानाच्या पदवीधरांसाठी असलेल्या दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमावर उभा राहिला आणि 'फिजिशियन असोसिएट' हे नावही तेथे रूढ झाले. म्हणजे अमेरिकन व्यवसायाने दीर्घ प्रवासानंतर जे साधले ते ब्रिटनमध्ये सुरुवातीलाच उपलब्ध होते. तरीही राष्ट्रीय आरोग्य सेवेत या सहयोगींची संख्या वाढत गेली तसा तीव्र वाद उद्भवला. आपण भेटलो ती व्यक्ती डॉक्टर नव्हती हे रुग्णांना कळत नाही, देखरेखीचे स्वरूप अनिश्चित आहे, कार्यकक्षेची सीमा रुग्णालयागणिक बदलते, असे आक्षेप डॉक्टरांनी व रुग्णांच्या कुटुंबीयांनी घेतले. डिसेंबर २०२४ मध्ये वैद्यकीय परिषदेकडे त्यांचे नियमन सोपवण्यात आले. शासनाने नेमलेल्या प्राध्यापक जिलियन लेंग यांच्या समीक्षेचा अहवाल जुलै २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. व्यवसायाचे नाव पुन्हा 'फिजिशियन असिस्टंट' करावे आणि निदान न झालेल्या रुग्णांची प्रथम तपासणी, स्पष्ट कार्यपद्धती ठरवून दिलेल्या बाबी वगळता, त्यांनी करू नये, अशा शिफारशी त्यात होत्या.

या वादाच्या केंद्रस्थानी पदवीचा स्तर नव्हता. कोणाच्या देखरेखीखाली, कोणते काम, कोणत्या मर्यादेपर्यंत, आणि रुग्णाला काय सांगून, हे प्रश्न होते. गार्लंडच्या छोट्या दवाखान्यात या प्रश्नांची उत्तरे डॉक्टर आणि सहायक यांच्या परस्पर परिचयातून मिळत होती. मोठ्या यंत्रणेत ती नियमांनी द्यावी लागतात, आणि कितीही वरची पदवी त्या नियमांची जागा घेऊ शकत नाही.

७. भारतीय संदर्भ

हा प्रश्न भारताला नवा नाही. स्वातंत्र्यापूर्वी येथे पदवीधर डॉक्टरांबरोबरच लायसेन्शिएट, म्हणजे अल्प मुदतीचा अभ्यासक्रम पूर्ण करून परवाना मिळवलेले डॉक्टर, मोठ्या संख्येने होते. मुंबई इलाख्यात १९१२ मध्ये स्थापन झालेल्या कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्सची 'एल.सी.पी.एस.' ही अर्हता घेतलेले डॉक्टर महाराष्ट्रातील तालुक्याच्या गावांत कित्येक दशके सेवा देत होते. १९४६ मध्ये भोर समितीचा अहवाल आला तेव्हा देशातील सुमारे ४७,५०० नोंदणीकृत डॉक्टरांपैकी जवळजवळ ३०,००० लायसेन्शिएट होते. समितीच्या बहुमताने एकच 'मूलभूत डॉक्टर' असावा, अशी शिफारस केली. काही सदस्यांनी भिन्नमतही नोंदवले. बहुमताचा हेतू उदात्त होता : खेड्यातील माणसाला दुय्यम दर्जाचा डॉक्टर मिळू नये. प्रत्यक्षात लायसेन्शिएट नाहीसे झाले आणि त्यांच्या जागी पदवीधर डॉक्टर खेड्यात पुरेशा संख्येने गेले नाहीत. दर्जाचे समान तत्त्व कागदावर राहिले आणि रिकामी जागा नोंदणी नसलेल्या व्यावसायिकांनी भरली.

त्यानंतरचे प्रयोग हीच कोंडी दाखवतात. छत्तीसगडने २००१ मध्ये ग्रामीण सेवेसाठी तीन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला. वादांमुळे तो काही वर्षांतच थांबवावा लागला. परंतु त्यातून बाहेर पडलेले पदविकाधारक ग्रामीण वैद्यकीय सहायक म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रांत रुजू झाले. सामान्य आजारांच्या उपचारांत त्यांची क्षमता तेथील पदवीधर वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या तुलनेत उणी नाही, असे २०१० मधील एका अभ्यासात आढळले. आसाममधील अशाच अभ्यासक्रमाचा आधार असलेला २००४ चा राज्य कायदा मात्र सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये घटनाबाह्य ठरवला. महाराष्ट्रात जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबेल आरोळे यांनी १९७० पासून, आणि गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी पुढे, गावातील अल्पशिक्षित स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडवले. नवजात बालकांच्या घरगुती सेवेचा गडचिरोलीतील प्रयोग १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध होऊन जगभर अभ्यासला गेला. नेमके काम, नेमके प्रशिक्षण आणि सततची देखरेख असली की शालेय शिक्षणाची उणीव आड येत नाही, याचा हा घरचाच दाखला होय.

भारतातील फिजिशियन असिस्टंट शिक्षणाचा उगम मात्र या ग्रामीण परंपरेत नाही. डॉ. के. एम. चेरियन यांच्या पुढाकाराने १९९२ मध्ये चेन्नईतील मद्रास मेडिकल मिशनमध्ये हृदयशल्यचिकित्सेच्या गरजेतून हा अभ्यासक्रम सुरू झाला. पुढे तो पदवी स्तरावर अनेक विद्यापीठांत पसरला. त्याचा वावर प्रामुख्याने शहरांतील मोठ्या रुग्णालयांत राहिला. २०२१ च्या राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याच्या अनुसूचीत या व्यवसायाचा समावेश झाल्याने त्याला प्रथमच वैधानिक स्थान लाभले. हा कायदा अर्हतेसाठी शिक्षणाच्या तासांची किमान संख्या ठरवतो : सहयोगी आरोग्य व्यावसायिकासाठी २,००० तास, तर आरोग्यसेवा व्यावसायिकासाठी ३,६०० तास. पदवीच्या नावापेक्षा तासांचा व त्यातून कौशल्याचा विचार करण्याची शक्यता या तरतुदीत आहे, आणि ती स्वागतार्ह आहे.

मात्र याच टप्प्यावर सावध राहण्याची गरज आहे. महाराष्ट्रातील उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून आयुर्वेदाचे पदवीधर व परिचारिका सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम पूर्ण करून काम करीत आहेत. सहायक परिचारिका प्रसाविका आणि आशा कार्यकर्त्या त्यांच्या जोडीला आहेत. लष्कराच्या वैद्यकीय दलातून निवृत्त होणारे परिचर्या सहायकही आहेत. ड्यूक विद्यापीठाच्या पहिल्या वर्गात बसले ते त्यांचेच भाईबंद. पंधरा वर्षे बाळंतपणे केलेल्या सहायक परिचारिकेला वैद्यकीय सहायक होण्याचा मार्ग आज भारतात नाही. तिने बारावी विज्ञान शाखेच्या गुणपत्रिकेसह कोवळ्या मुलामुलींच्या रांगेत पुन्हा पहिल्यापासून उभे राहावे, एवढाच पर्याय तिच्यापुढे आहे.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

पहिला, फिजिशियन असिस्टंट शिक्षणाचे मूळ बळ पूर्वानुभवाची मान्यता, नेमके प्रशिक्षण आणि डॉक्टरची देखरेख या तीन घटकांत होते. पदवीचा स्तर हा त्यात नंतर मिसळलेला घटक आहे. दुसरा, पदव्युत्तर पदवीने व्यवसायाला विद्यापीठीय प्रतिष्ठा व स्वतःचे अध्यापक दिले, हा लाभ मान्य करावा लागतो. परंतु तिच्या सक्तीने रुग्णसेवेत सुधारणा झाल्याचा पुरावा अपुरा आहे आणि प्रवेशाच्या संधी आकुंचित झाल्याची चिन्हे स्पष्ट आहेत. तिसरा, ब्रिटनच्या अनुभवावरून कार्यकक्षा व देखरेख यांची संदिग्धता उच्च पदवीने दूर होत नाही, हे दिसते. चौथा, भारतात लायसेन्शिएट अर्हता रद्द करताना जी चूक झाली तिची पुनरावृत्ती नव्या चौकटीत टाळता येण्याजोगी आहे. त्यासाठी आधी कामाची यादी, मर्यादा व देखरेखीचे नियम ठरवावेत, राष्ट्रीय पातळीवर एकच पात्रता परीक्षा ठेवावी आणि तिच्यापर्यंत पोहोचण्याचे एकाहून अधिक मार्ग खुले ठेवावेत. अनुभवी परिचारिका, आरोग्यसेविका व माजी सैनिकांसाठी त्यांच्या कौशल्याचे श्रेयांकात मूल्यांकन करणारा स्वतंत्र प्रवेशमार्ग असावा. पदवी व पदव्युत्तर पदवी यांची सोय जरूर असावी. पण ती अध्यापन, संशोधन व विशेषज्ञतेकडे नेणारी पुढची पायरी असावी, उंबरठा असू नये.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने पूर्वशिक्षणाचे श्रेयांक आणि अभ्यासक्रमात प्रवेश-निर्गमनाचे अनेक टप्पे या कल्पना मांडल्या आहेत. महाविद्यालयांच्या अभ्यासमंडळांत त्यांची चर्चा बहुधा गुणपत्रिकांच्या रचनेपुरतीच मर्यादित राहते. त्या कल्पनांची खरी कसोटी अशा व्यवसायांत लागणार आहे, जिथे हाताने काम करून शिकलेली माणसे वर्गाबाहेर उभी आहेत आणि ज्यांना त्यांच्या सेवेची गरज आहे ती गावे रुग्णालयापासून दूर आहेत.